चार टिपके, दोन रेघा

"तू मेलीस तर किती दिवसांनी कळेल ग कुणाला?"

बंगळूरला आल्यापासून मी अकरा घरं बघितली होती आणि घरमालकांचे प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. व्हेज का नॉनव्हेज. लग्न झालंय का. नवरा कुठे असतो. नसतो तर का नसतो. घटस्फोट म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा कसा झटकन बंद होतो, तेही पाठ होतं. हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता. विचारणारी बाई जे. पी. नगरातल्या एका गल्लीत आपल्या फाटकात उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी, अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी चपला. कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं तिनं हे विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी सांगलीची. आम्हाला कुणी असलं बोललं की आम्ही दोन ऐकवूनच गप्प बसतो. पण का कोण जाणे, मी खरंच विचार करायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी मेले तर शनिवार-रविवार तसेच जाणार. सोमवारी कंपनीची बस कोपऱ्यावर मिनिटभर थांबणार आणि निघून जाणार. मंगळवारी ऑफिसातलं कुणीतरी मला मेल करणार. आई रविवारी फोन करते खरी, पण मी उचलला नाही तर ती काळजी करत नाही, रुसते.

"चार दिवस," मी म्हणाले.

"खरं बोलतीस," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्या म्हणतात, लगेच कळेल. सरी. ये, घर बघ."

अशी मला अक्का भेटली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. तोंडावर अहो-जाहो करायचे, पण आता आठवताना ती 'अक्का म्हणायची' अशीच आठवते.

इथे वठार म्हणतात तसली तिची जागा. एक अंगण, एक फाटक, एक नारळाचं झाड आणि ओळीनं पाच छोटी घरं. फाटकाजवळचं पहिलं घर अक्काचं. पुढची चार ती भाड्यानं द्यायची, आणि एकट्या राहणाऱ्या बायकांनाच द्यायची. माझ्या आधी तिघी होत्या. एक रिटायर्ड टीचर, कानडी, सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या आणि कानानं कमी. एक केरळची नर्स, जिची ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. आणि ब्लाउज शिवणारी सेल्वी, जिचं मशीन दिवसभर खडखडत असायचं. चौथी मी. बोम्मसंद्र्याला गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते. म्हणजे दुसऱ्यांनी नीट काम केलंय का ते तपासायचं आणि नसेल केलं तर झापायचं. माझ्या स्वभावाला अगदी शोभणारं काम.

अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म घालवून रिटायर झालेली. सकाळी आल्याबरोबर लायनी टेस्ट करायच्या, कुठली चालू, कुठली बंद, हे तिचं काम. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. इतकी वर्षं फोनवर काम केलेल्या या बाईला मोबाइल मात्र डोळ्यांसमोर नको असायचा. तो ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. वाजला तर डबा थरथरायचा आणि अक्का म्हणायची, "वाजू दे. ज्याला खरंच काम आहे तो दारात येईल."

तिच्या मराठीला मी पहिल्या आठवड्यात हसले होते. तिचं घराणं इथं तीन-चारशे वर्षांचं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये 'स्वल्प' यायचं, शेवटी 'आयितु', म्हणजे 'झालं', म्हणून संपायचं. मी हसले तशी ती शांतपणे म्हणाली, "आम्ही घोड्यावरनं आलो, तू स्लीपर बसनं आलीस. एवढाच फरक. आणि माझं मराठी घराबाहेर कधी नेलंच नाही की, म्हणून ते असं राहिलं." मग जरा थांबून, "भाऊ होता तोवर त्याच्याशी बोलायचे. त्याचा मुलगा मल्लेश्वरमला असतो, तो सगळं इंग्लिशमधनं बोलतो. आता माझ्या मराठीला तूच." तोंडात मारल्यासारखं झालं मला. त्यानंतर मी तिच्या मराठीला हसले नाही. पुढे पुढे तर मीच सांगलीला फोनवर 'स्वल्प थांब' म्हणायला लागले आणि आईनं मला वेड्यात काढलं.

तिची तऱ्हाच वेगळी. ती कधी कुणाच्या घरात जायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची, तास झाला तरी उभीच. बसा म्हटलं की म्हणायची, "बसलं की गाऱ्हाणी सुरू होतात. मैत्री उभ्यानं करायची." ती 'कशी आहेस' असंही कधी विचारायची नाही. तिच्या मते हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. "सगळ्या 'बरी' म्हणतात. 'काय खाल्लंस' विचार. त्याला खोटं बोलायला डोकं लागतं." आणि नुसतं 'जेवले' चालायचं नाही. काय, किती, कशाबरोबर. भात म्हटलं तर कशाशी, सार म्हटलं तर कसलं. दोन उलटतपासण्यांत समोरचीनं काल रात्री कपाटाला टेकून रडत चिवडा खाल्लाय हे तिला कळायचं. त्यावर ती काही बोलायची नाही. थोड्या वेळानं दारात झाकलेली वाटी असायची, एवढंच.

वठारात तिचा एकच कायदा होता. रोज सकाळी साडेसातच्या आत प्रत्येकीनं आपल्या दारात रांगोळी काढायची. नक्षी नको, रंग नको. चार टिपके, दोन रेघा, बस्स. गावाला जायचं असेल तर जाताना एकच लांब आडवी रेघ. साडेसातला अक्का अंगणातून फेरी मारायची आणि एकेका दारासमोर थांबून मोठ्यांदा म्हणायची, "ओके." चार दारं, चार ओके. रांगोळी दिसली नाही तर दार ठोकायची.

"यात बोलायला लागत नाही," तिनं मला समजावलं. "लाईन चालू आहे का बघायला कुणी गप्पा मारतं का? नुसता टोन आला की झालं."

टीचरनी म्हणे सुरुवातीला अडचण सांगितली होती. महिन्याचे चार दिवस रांगोळीला हात कसा लावायचा? आपल्यासाठी नव्हे, त्यांचं वय झालेलं. नर्ससाठी आणि सेल्वीसाठी. अक्का म्हणाली, "त्या चार दिवसांत काय मरत नाही का माणूस?" टीचर तीन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, पण कायदा तसाच राहिला.

मला हा सगळा प्रकार भोचकपणाचा वाटला. नवऱ्याचं घर मी कशासाठी सोडलं होतं? कुठे चाललीस, कधी येणार, कुणाचा फोन, याला कंटाळूनच ना? मग आता रोज सकाळी घरमालकिणीपुढे हजेरी कशाला लावू? मी बाजारातून प्लॅस्टिकची रांगोळी आणली. चिकटवायची, कमळांची, लाल-हिरवी. इथे निम्म्या दारांत असतेच. उंबऱ्यासमोर ठोकून बसवली आणि म्हटलं, घ्या.

दुसऱ्या दिवशी बसला निघाले तर अक्का ते स्टिकर नखांनी उचकटत होती. उकिडवी बसून, दात-ओठ खात.

"अक्का, माझ्या दाराला हात लावायचा नाही!"

"हे काय आहे?" तिनं ते कमळ माझ्यासमोर धरलं. "तू आत मरून पडलीस तरी हे असंच हसत राहील की. मला याच्यावरनं काय कळायचं?"

"कुणी सांगितलंय तुम्हाला कळून घ्यायला? माझं मी बघेन!"

"बघ," ती म्हणाली. "चार दिवस म्हणाली होतीस."

ती निघून गेली. मी बसमध्ये बोम्मसंद्र्यापर्यंत धुमसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार टिपके काढले. रागानं काढले, वाकडे काढले, पण काढले. साडेसातला दाराबाहेर आवाज आला, "ओके." आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या शहरात त्या दिवशी माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी बोललं होतं.

मग एका सकाळी मी रांगोळी काढली नाही.

आजारी नव्हते. आदल्या संध्याकाळी एका जुन्या मैत्रिणीनं फोनवर फोटो पाठवला होता, माझ्या आधीच्या नवऱ्याला मुलगी झाली त्याचा. तिनं वाईट हेतूनं पाठवला नव्हता. पण आमची आठ वर्षं डॉक्टरांच्या दारात गेली होती आणि दोष माझ्यात, हे त्याच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या बाळाची टोपी पिवळी होती. सकाळी जाग आली तरी मला उठावंसं वाटेना. उठून करायचं काय? कुणासाठी? अंग दगड झालं होतं.

सात पस्तीसला दार वाजलं. मी उघडलं. अक्का उंबऱ्याबाहेर.

"आजारी?"

"नाही."

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काल?"

"बिस्किटं."

"कुठली?"

आता यावर काय बोलायचं! "मारी," म्हणाले आणि हसू आलं, आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की मी तिथंच उंबऱ्यावर बसले. अक्का आत आली नाही, बसलीही नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली. पाठीवर हात फिरवणं वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लाईन चालू आहे. स्वल्प खरखर आहे. जाईल."

मग उभ्याउभ्याच तिनं मला स्वतःचं सांगितलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "ट्रंककॉलच्या बोर्डावर होते मी आधी. अख्ख्या गावाची बोलणी जोडून दिली. नवरा-बायको, आई-लेक, भांडणं, बारशी. कानात दिवसभर माणसं. आणि माझ्यासाठी म्हणून कधी एक कॉल आला नाही ग. पुष्कळ वर्षं वाट बघितली. मग टेस्टिंगला बदली झाली. म्हटलं, आता वाट बघायची नाही. आपणच टेस्ट करत जायचं."

अकरा वाजेपर्यंत ती उभी होती. मधे एकदा जाऊन उप्पिट घेऊन आली आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत बशीकडे बघत राहिली. त्या दिवशी मी रजा टाकली, आणि त्या दिवसापासून अक्का माझी मैत्रीण झाली. तिचं माझं अंतर तीस वर्षांचं. माझ्या वयाच्या बायका मला ऑफिसात भेटायच्या, सर्जापूर रोडच्या हॉटेलांत वाढदिवस करायच्या, 'भेटू या ग' म्हणायच्या आणि सहा महिने भेटायच्या नाहीत. अक्काला भेटायला मला फाटकापर्यंत जायला लागायचं, बस्स.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अक्काचे गुडघे गेले. फेरी बंद झाली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची, तिथूनच चारही दारं बघून ती ओके म्हणायची. पण स्वतःच्या दारातली रांगोळी काढायला वाकावं लागायचं. एक हात भिंतीला, एक पाय मागे, तोंडानं "अय्यो, अय्यो." मला ते बघवेना.

म्हणून मी शहाणपणा केला.

कारखान्यात जमिनीवर पट्टे मारायचा एक पेंट असतो. फोर्कलिफ्टची चाकं वर्षानुवर्षं फिरली तरी जात नाही. संपत आलेला डबा स्टोअरमधून रीतसर मागून घेतला. एका रविवारी अक्का पुतण्याकडे जेवायला गेली असताना तिच्या दारातली फरशी घासली, दोरी धरून मापं घेतली आणि चार टिपके, दोन रेघा रंगवल्या. पांढऱ्याशुभ्र, काटकोनात. माझ्या आयुष्यात मी इतकं सुबक काही काढलं नव्हतं.

संध्याकाळी अक्का रिक्षातून उतरली आणि बघतच राहिली. मला वाटलं, आता हे नखांनी उचकटते.

"अक्का, तुम्हाला आता वाकायला नको," मी घाईनं म्हणाले. "तुमचं वेगळं आहे. तुम्ही टेस्ट करणाऱ्या. तुम्हाला थोडीच कुणाला दाखवायचंय?"

तिनं चपलेच्या टोकानं एका टिपक्याला हळूच स्पर्श केला. "हो की," ती म्हणाली. "माझी लाईन कोण टेस्ट करतं?" आणि हसली. मीही हसले. मग तिनं टीचरना हाक मारून बोलावलं आणि दाखवलं, "हिनं केलं. माझ्यासाठी." ते 'माझ्यासाठी' ती दोनदा म्हणाली. म्हणूनच तिनं ते ठेवून घेतलं असणार. मला त्या वेळी एवढंच कळलं की माझं कौतुक झालं.

त्यानंतर पावसाळा गेला, दसरा गेला. एका गुरुवारी मी नेहमीसारखी रांगोळी काढली, आवरलं, फाटकातून बाहेर पडताना अक्काच्या दारातल्या माझ्या रेघांकडे एकदा अभिमानानं बघितलं आणि बस पकडली. कारखान्यात दहाच्या सुमाराला राउंडला निघाले. एका मशीनवर नवी मुलगी होती. तिच्या चेकशीटवर दर तासाला पार्ट मोजून एक खूण करायची असते. सकाळचे दहा वाजलेले आणि शीट संध्याकाळी पाचपर्यंत भरलेली. सगळ्या चौकटींत ओके, ओके, ओके.

"हे काय आहे?"

"मॅडम, रोज ओकेच तर असतं," ती हिंदीत म्हणाली. "एकदमच भरून टाकलं."

माझा पारा चढला. हे माझं ठरलेलं भाषण, मी झोपेतही देऊ शकते. "ही खूण म्हणजे मशीन ठीक आहे असं नाही! त्या वेळी तू तिथं जाऊन बघितलंस, याची ही खूण आहे. आधीच करून ठेवलीस तर मशीन बंद पडलं तरी कागद ओकेच म्हणत राहील..."

माझं तोंड उघडंच राहिलं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. आज सकाळी खिडकीतून ओके आलंच नव्हतं. आलं होतं का? मी आठवून आठवून बघितलं. नव्हतं आलं. मी केस विंचरत होते, उशीर झाला होता, आणि अक्काच्या दारात रांगोळी होती. रांगोळी होती म्हणून मी पुढं गेले.

अक्काला फोन लावला. तांदळाच्या डब्यात थरथरत राहिला असणार. पुन्हा लावला. मग सेल्वीला लावला आणि ओरडले, "अक्काचं दार ठोक! आत्ता!" मशीनचा खडखडाट थांबलेला मला फोनमधून ऐकू आला, मग तिची धावती पावलं, मग दारावरचे धपाटे. "अक्का! अक्का!" मग काहीच नाही. मग सेल्वीनं जे किंचाळून सांगितलं ते मला तमिळ येत नसूनही कळलं.

दार तोडून काढेपर्यंत अकरा वाजले. अक्का मागच्या बाजूच्या न्हाणीघरात पडली होती, सकाळी सहापासून. मांडीचं हाड मोडलेलं, ओरडून ओरडून घसा बसलेला. पाच तास ती ओल्या फरशीवर होती. त्या पाच तासांत तिच्या दारासमोरून टीचर दूध घेऊन आल्या, नर्स ड्युटीवरून परतली, मी गेले. तिघींनी रांगोळी बघितली. तिघींना वाटलं, अक्का उठली आहे, आज बाकीच्या कुणी ओके ऐकलं असेल. रोज दुसऱ्यांच्या खोट्या खुणा पकडणारी मी, माझ्याच हातांनी अक्काच्या दारात कायमची खोटी खूण करून बसले होते. खोट्या खुणा पकडायचाच तर पगार मिळायचा मला!

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. मी तिच्या पायांशी उभी राहिले. बसायची हिंमत होईना.

"अक्का, माझं चुकलं."

तिनं डोळे उघडले. आवाज बसलेलाच. "किती वेळ लागला?"

"पाच तास."

मला वाटलं आता घराबाहेर काढते, आणि काढावंच तिनं. 

"चार दिवसांवरनं पाच तासांवर आलो," ती म्हणाली. "वाईट नाही. पण कमी कर."

मी तिच्या पांघरुणावर डोकं ठेवून रडले. तिनं हात उचलून माझ्या केसांवर ठेवला आणि लगेच विचारलं, "काय खाल्लंस?"

ती घरी यायच्या आत तो पेंट काढायला मी बसले. थिनर लावलं, घासलं, सॅंडपेपर मारला. जाईना. फोर्कलिफ्टला जुमानत नाही तो मला काय जुमानणार? शेवटी गवंडी बोलावून ती फरशीच फोडून काढली आणि साधा कडप्पा बसवला. मग अक्कासाठी मी दुसरी वस्तू केली, आणि ही मात्र नीट विचार करून. कमरेइतकी उंच प्लॅस्टिकची पाइप, वर नरसाळं. वॉकर धरून उभं राहायचं, नरसाळ्यात चिमूटभर रांगोळी सोडायची, पाइप हलवायची. टिपके पावट्याएवढे व्हायचे, रेघा गांडुळासारख्या. अक्काला त्याचा भारी अभिमान होता. "उभ्यानं काढते मी," गल्लीत सगळ्यांना सांगायची. कायद्यात एक भरही पडली. तिच्या घराच्या किल्ल्या चौघींकडे राहणार, आणि रोज चौघींपैकी जी पहिली फाटकाशी जाईल तिनं अक्काच्या दारासमोर थांबून ओके म्हणायचं. टीचर तर इतक्या मोठ्यांदा म्हणायच्या की समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकायचं.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या माघात एका सकाळी मी साडेसातला बाहेर आले आणि अक्काच्या दारात कडप्पा कोरा होता. नुसता पुसलेला काळा दगड.

मी धावले. एकदा ठोकलं आणि वाट न बघता किल्ली लावली. अक्का पलंगावर कुशीवर होती, उशीखाली हात घेऊन. हात अजून कोमट होता. खिडकीत रांगोळीची वाटी भरून ठेवलेली, शेजारी पाइप. नर्सनं बघितलं, मग डॉक्टर आले, म्हणाले, तासही झाला नसेल, झोपेतच गेल्या.

मल्लेश्वरमचा पुतण्या आला. चांगला माणूस, डोळे लाल झालेले. त्यानं इंग्रजीत विचारलं, कधी कळलं तुम्हाला?

"सात बत्तीसला," मी म्हणाले. माझ्या आवाजात अभिमान होता आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. त्याला काय कळणार होतं? अक्का असती तर म्हणाली असती, सरी, पण कमी कर.

संध्याकाळी पुतण्याची बायको अंगणात आली आणि अगदी अदबीनं म्हणाली, सुतक आहे, तेरा दिवस वठारात कुणी रांगोळी काढू नका. तिचं बरोबरच होतं. मरणाच्या घरी कुणी रांगोळी काढत नाही. आम्ही माना हलवल्या. ती गेल्यावर चौघी नारळाखाली उभ्या राहिलो. सेल्वी म्हणाली, "तेरा दिवस?" तिचा आवाज भेदरलेला होता. मलाही तेच वाटत होतं. तेरा दिवस, आणि त्यानंतरही, साडेसातला आता कोण बघणार?

तेव्हा टीचर, सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या, ज्यांनी त्या एका वाक्यापायी अक्काशी तीन दिवस अबोला धरला होता, त्या टीचर पदरानं डोळे पुसून कानडीत म्हणाल्या, "त्या तेरा दिवसांत काय मरत नाही का माणूस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या दारात रांगोळी नव्हती. ती नसणारच होती, आणि आता तेच खरं होतं. साडेसातला मी तिच्या खिडकीखाली अंगणात उभी राहिले. मोठ्यांदा आवाज काढला. टीचरचं दार, चार टिपके, दोन रेघा. "ओके." नर्सचं दार. "ओके." सेल्वीचं दार, रेघा ओल्या हातांनी काढलेल्या, पसरलेल्या. "ओके." संपलं. मी वळले.

"मत्ते नीनु?" मागून टीचरनी हाक दिली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि तू?

तिघी आपापल्या दारांत उभ्या होत्या, माझ्या दाराकडे बघत. मीही बघितलं. चार टिपके, दोन रेघा, आजचीच.

"ओके," मी म्हणाले.